चौघांचा एक लेख: इंग्रजी लेखनाच्या वर्गात गूगल डॉक्स

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात पीएच.डी. करताना मी गेली चार वर्षे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी लेखनाचा अनिवार्य अभ्यासक्रम शिकवते आहे. इकडे त्याला ‘कॉम्पोझिशन’ म्हणतात. आपल्याकडच्या कंपल्सरी इंग्लिशशी त्याची गल्लत करू नये, कारण यात कविता किंवा धडे नसतात. मुद्दा कसा मांडावा, त्याला पुरावा कोणता द्यावा, आपल्या आधी त्या विषयावर लिहून गेलेल्यांना उत्तर कसे द्यावे, एवढेच शिकवले जाते. हार्वर्डने १८८५ साली पहिल्या वर्षासाठी ‘इंग्लिश ए’ हा अभ्यासक्रम सुरू केला आणि तेव्हापासून ही प्रथा अमेरिकेत रुजत गेली. माझ्या वर्गात सत्राच्या उत्तरार्धात चार-चार विद्यार्थ्यांचे गट होतात आणि प्रत्येक गट सुमारे ३,००० शब्दांचा एक संशोधनपर लेख मिळून लिहितो. या कामासाठी मी आठही सत्रांत गूगल डॉक्स, म्हणजे एकच मजकूर अनेकांना इंटरनेटवर एकाच वेळी लिहू देणारे साधन, वापरले आहे. पुढचे परीक्षण त्या एकाच उपयोगापुरते आहे. अर्ज, पत्रे किंवा कार्यालयीन टिपणे लिहिण्यासाठी हे साधन कसे आहे, हा येथे विषय नाही.

या साधनाचे मूळ ‘रायटली’ नावाच्या सेवेत आहे. ती एका लहान कंपनीने २००५ साली सुरू केली आणि २००६ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. वैयक्तिक खात्यावर ते विनामूल्य आहे. साठवणुकीची १५ जीबीची मर्यादा ई-मेल आणि छायाचित्रे धरून आहे, पण निव्वळ लेखनाला तिची झळ सहसा पोचत नाही. दोघे एकाच ओळीत एकाच वेळी टंकत असले तरी मजकुराची गुंतागुंत होत नाही, याचे कारण असे की प्रत्येक अक्षराची भर किंवा वजाबाकी ही स्वतंत्र क्रिया म्हणून सर्व्हरकडे जाते आणि दुसऱ्याच्या क्रियेमुळे तिची जागा सरकली असेल, तर तो हिशेब करूनच ती सर्वांच्या पडद्यावर उमटते. तांत्रिकदृष्ट्या हे इतके निर्वेध चालते की विद्यार्थ्यांना त्याचे नवल वाटेनासे झाले आहे.

मात्र नेमक्या याच सोयीपासून माझी पहिली तक्रार सुरू होते, आणि ती साधनापेक्षा आमच्या वापराविषयी आहे. चौघांना एकाच वेळी लिहिता येते म्हटल्यावर चौघे लगेच लेखाची वाटणी करतात. प्रस्तावना एकाची, पूर्वसंशोधन दुसरीचे, निरीक्षणे तिसऱ्याची, निष्कर्ष चौथीचा. भावांनी शेताचे तुकडे पाडून बांध घालावेत तसे. पहिल्या दोन सत्रांत मी हे होऊ दिले, आणि हाती आलेले लेख वाचताना प्रत्येक उपशीर्षकापाशी निराळा माणूस बोलू लागल्याचे स्पष्ट ऐकू येत होते. प्रस्तावनेत एका प्रश्नाचे उत्तर देण्याचे वचन असे आणि निष्कर्षात भलत्याच प्रश्नाचे उत्तर मिळे. तो लेख एकत्र ठेवलेला होता, एकत्र लिहिलेला नव्हता. चौघे एका पानावर आले म्हणून चौघांचा एक विचार होत नाही, आणि ते काम साधन आपणहून करत नाही.

ते काम होऊ शकते, हे मला डॉक्सच्या समासातील टिप्पण्यांनी दाखवले. गेल्या वर्षीच्या एका गटाने विद्यापीठाजवळच्या रस्त्यावरील दुकानांच्या पाट्यांवर लेख लिहायला घेतला. त्या भागात मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांची वस्ती आहे आणि स्पॅनिश व इंग्रजी पाट्या शेजारी-शेजारी दिसतात. सार्वजनिक ठिकाणच्या भाषेचा असा अभ्यास हे आता एक प्रस्थापित क्षेत्र आहे. लांड्री आणि बूऱ्हिस यांच्या १९९७ च्या लेखात रस्त्यांची व गावांची नावे, जाहिरातफलक, दुकानांच्या आणि सरकारी इमारतींच्या पाट्या मिळून एखाद्या प्रदेशाचे भाषिक दृश्य बनते, अशी मांडणी आहे, आणि सरकारी पाट्या व खासगी पाट्या यांत त्यांनी फरक केलेला आहे. गटाने तो लेख वाचला, छायाचित्रे काढली आणि मोजदाद सुरू केली. मग पेच पडला. दुकानाचे नाव ‘पानादेरिया’, म्हणजे बेकरी, असे स्पॅनिशमध्ये आणि खाली वेळा मात्र इंग्रजीत असतील, तर ती पाटी द्विभाषिक म्हणायची की इंग्रजी? ‘तकेरिया’, म्हणजे टाको विकणारे दुकान, हा शब्द तर तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्यांनाही सहज कळतो. मग तो अजून स्पॅनिश राहिला का?

मसुद्यातील ‘द्विभाषिक’ या एका शब्दावर टिप्पणी पडली आणि तिच्याखाली उत्तरांची रांग लागली. ज्या विद्यार्थिनीच्या घरी स्पॅनिश बोलली जाते तिने लिहिले की, तिची आजी ती पाटी वाचून आत जाईल, पण दुकान किती वाजता बंद होते हे आजीला त्याच पाटीवरून कळणार नाही. या एका निरीक्षणाने वादाची दिशा बदलली. पाटीवर कोणत्या भाषा आहेत, हे मोजण्याऐवजी पाटीवरची कोणती माहिती कोणत्या भाषेत आहे, हे मोजायचे असे ठरले. पुढे लेखातील संशोधनपद्धतीचा परिच्छेद या टिप्पण्यांतूनच तयार झाला आणि संपूर्ण लेखात तो सर्वांत सरस उतरला. समोरासमोरच्या बैठकीत हा वाद पंधरा मिनिटांत मिटवला गेला असता, बहुधा सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्याच्या बाजूने. समासात मात्र बुजरी मुलगी रात्री विचार करून सकाळी उत्तर देऊ शकली, आणि ज्या शब्दावर वाद होता तो शब्द सतत सर्वांच्या डोळ्यांसमोर राहिला. या एका गुणासाठी मी हे साधन पुन्हा निवडेन.

ब्रुकलिन कॉलेजचे प्राध्यापक केनेथ ब्रफी यांनी १९८४ साली ‘कॉलेज इंग्लिश’ या नियतकालिकातील आपल्या लेखात असे प्रतिपादन केले होते की, विचार हा माणसाने आत मुरवून घेतलेला संवाद असतो आणि लेखन म्हणजे तोच संवाद पुन्हा बाहेर आणून सर्वांसमोर ठेवणे होय. म्हणून विद्यार्थ्यांनी लिहिण्याआधी आणि लिहिताना एकमेकांशी कसे बोलावे, याची शिक्षकाने काळजी घ्यायला हवी. पाट्यांच्या गटाची टिप्पण्यांची ती रांग वाचताना मला या विधानाचा अर्थ प्रथमच नीट कळला.

दुसरी गोष्ट ‘सुचवणे’ या पर्यायाची. पानाच्या वरच्या कोपऱ्यातील पेन्सिलीच्या चिन्हावरून तो निवडला की, आपण केलेला बदल थेट मजकुरात न मिसळता रंगीत प्रस्तावाच्या रूपात दिसतो, आणि गटातील कोणीही तो स्वीकारू किंवा नाकारू शकते. वर्डमधील ‘ट्रॅक चेंजेस’शी परिचित असलेल्यांना ही कल्पना नवी नाही, येथे तिला समासातील चर्चेची जोड मिळते, ही खरी सोय आहे. माझ्या वर्गाचा नियम असा आहे की, मसुदा पुरा झाल्यानंतरचे दोन आठवडे कोणीही स्वतः लिहिलेल्या परिच्छेदाला हात लावायचा नाही. फक्त दुसऱ्याच्या परिच्छेदावर काम करायचे, तेही ‘सुचवणे’ निवडून, आणि प्रत्येक मोठ्या प्रस्तावाला एका वाक्याचे कारण जोडून. प्रस्ताव ज्याने मांडला त्यानेच तो स्वीकारायचा नाही, हेही ठरलेले असते. हे नियम साधन लावून देत नाही, ते शिक्षकालाच लावावे लागतात. सगळे प्रस्ताव एका झटक्यात मान्य करण्याची सोयही डॉक्समध्ये आहे, आणि आपल्या मित्राचे मन दुखवू नये म्हणून विद्यार्थी तिचा सर्रास आधार घेतात. तिच्याविषयी पहिल्याच तासाला बोललेले बरे.

सांगली जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयात मी इंग्रजी घेऊन बी.ए. केले, तिथे पाच वर्षे मैत्री असलेल्या मैत्रिणीच्या निबंधातही मी स्पेलिंगपलीकडे कधी काही सुधारले नव्हते. दुसऱ्याच्या वाक्यात बदल करण्याचा अधिकार लाल शाईच्या पेनाला होता आणि ते पेन बाईंच्या हाती असे. त्यामुळे अमेरिकी विद्यार्थी एकमेकांच्या परिच्छेदाखाली ‘खूप छान’ एवढेच लिहून थांबतात, तेव्हा त्यामागचा संकोच मी ओळखते. हा संकोच उद्धटपणाकडे न जाता मोडायचा असेल, तर प्रस्तावाला कारण देण्याची सक्ती फार उपयोगी पडते. ‘हे वाक्य बरोबर नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘या वाक्यात कर्ता कोण हे मला दोनदा वाचूनही कळले नाही’ असे लिहावे लागते, आणि मग लिहिणाऱ्यालाही राग येत नाही.

आवृत्त्यांचा इतिहास ही डॉक्सची सर्वांत नावाजलेली सोय आहे. कोणत्या दिवशी कोणी काय भर घातली आणि काय काढले, हे रंगांनुसार पाहता येते, महत्त्वाच्या टप्प्याला नाव देऊन ठेवता येते आणि हवी तर जुनी आवृत्ती परत आणता येते. शिक्षकांमध्ये तिचा वापर बहुतेक वेळा कामचुकार शोधण्यासाठी आणि अलीकडे एआयकडून लिहून घेतलेला मजकूर पकडण्यासाठी होतो. मला हा वापर पसंत नाही, आणि तो विश्वासार्हही नाही. इतिहासात मोठा परिच्छेद एकदम अवतरलेला दिसला, तर तो चिकटवला गेला एवढेच सिद्ध होते. तो विद्यार्थ्याने आधी वहीत किंवा दुसऱ्या फाइलमध्ये लिहिला होता की आणखी कुठून आणला, हे इतिहास सांगू शकत नाही. चौघे ग्रंथालयात एका टेबलाशी बसून एकाच्याच लॅपटॉपवर लिहीत असतील, तर चौघांचे काम एकाच्या नावावर चढते. एका सत्रात केवळ रंग पाहून मी एका विद्यार्थ्याला कमी गुण दिले होते. गटातील इतर तिघांनी येऊन सांगितले की, युक्तिवादाचा सगळा सांगाडा त्यानेच बोलून उभा केला होता. मी ते गुण बदलले आणि तेव्हापासून गुणदानासाठी इतिहास उघडणे बंद केले.

त्याऐवजी आता प्रत्येक गट लेखाच्या शेवटी सहभागाचे निवेदन देतो. वैज्ञानिक नियतकालिकांत रुळलेल्या ‘क्रेडिट’ या वर्गीकरणात सहलेखकाच्या १४ भूमिका सांगितल्या आहेत. त्यांत मूळ मसुदा लिहिणे ही एक भूमिका आहे आणि परीक्षण व संपादन ही दुसरी, कल्पना मांडणे ही तिसरीच. संपादनालाही लेखकत्वाचा वाटा मानणारी ही यादी पाहिल्यावर विद्यार्थ्यांची शब्द मोजण्याची सवय बऱ्यापैकी सुटते.

संदर्भांच्या बाबतीत डॉक्स एकटे पुरे पडत नाही. त्यात उद्धरणांची अंगभूत सोय असून एमएलए, एपीए आणि शिकागो या संदर्भलेखनाच्या शैली मिळतात. आठ-दहा संदर्भांच्या लेखाला ती चालून जाते. मात्र चौघे मिळून वाचन करत असतील, तर जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये जन्मलेले झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर सोबत घ्यावे. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे, गटासाठी सामाईक ग्रंथालय बनवता येते, आणि डॉक्सच्या पानात थेट उद्धरण घालता येते. त्याची ३०० एमबीची मोफत जागा पीडीएफ साठवू लागले की लवकर भरते. केवळ संदर्भांच्या नोंदी ठेवल्या तर ती अडचण येत नाही. कोणतेही साधन वापरले तरी लेखकांची आडनावे आणि शीर्षकांतील मोठी-लहान अक्षरे हाताने तपासावीच लागतात.

किरकोळ उणिवांपैकी एकच सांगण्याजोगी वाटते. दुसऱ्यांचे कर्सर आपल्या पानावर हलत असताना पहिला कच्चा मसुदा लिहिणे अनेकांना जड जाते, कारण अर्धवट वाक्यही कोणीतरी पाहते आहे याची जाणीव हात आखडते. अशा विद्यार्थ्यांना मी वेगळ्या पानावर लिहून मग मजकूर आणायला सांगते. हे काम मोबाइलवर मात्र करू नये. टिप्पण्या वाचायला फोन ठीक आहे, पण परिच्छेदांची फेरमांडणी करायला मोठा पडदाच हवा.

शेवटी मालकीविषयी. ज्या विद्यार्थ्याने फाइल तयार केली तो तिचा मालक असतो, आणि ती विद्यापीठाच्या खात्यावर असेल, तर पदवीनंतर खाते बंद झाल्यावर ती हाती राहीलच असे नाही. प्रत काढून वैयक्तिक खात्यात नेता येते आणि तसे करताना टिप्पण्याही सोबत घेता येतात, परंतु आवृत्त्यांचा इतिहास नव्या प्रतीत येत नाही. ती प्रत कोऱ्या इतिहासाने सुरू होते. म्हणून पाट्यांच्या गटाला मी सत्र संपण्याआधी संशोधनपद्धतीच्या परिच्छेदाच्या नाव देऊन ठेवलेल्या पाचही आवृत्त्या कागदावर छापून ठेवायला सांगितल्या. त्यांचा एक संच त्यांनी मला दिला, आणि गटकाम सुरू होते त्या दिवशी मी त्याच्या झेरॉक्स प्रती नव्या वर्गात वाटते.