कार्डवालं होलसेल दुकान कोकणातून परवडतं का? माझा हिशेब

गुहागर, दापोली, हर्णैकडचे होमस्टेवाले आणि खानावळवाले भेटले की हा विषय निघतोच, मुंबईचं ते मेट्रोसारखं कार्डवालं होलसेल दुकान, म्हणजे कार्ड असेल त्यालाच घाऊक माल देणारं, परवडतं का आपला शृंगारतळीचा नाहीतर चिपळूणचा किराणावालाच बरा. आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे, जेवण घरचंच, आणि सीझनच्या आधी मोठी खरेदी मीच करते, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय. थोडक्यात सांगायचं तर काही वस्तूंना खूप परवडतं, काहींना अजिबात नाही, आणि कुठली वस्तू कशात बसते ते दुकानाच्या भावापेक्षा आपली हवा आणि टेम्पोचं भाडं ठरवतं.

आधी कार्डाचं. बऱ्याच जणांना वाटतं की वर्षाला पैसे भरावे लागतात. ते अमेरिकेत. माझ्या वन्सं न्यू जर्सीला असतात, तिकडे कॉस्टको म्हणून असंच कार्डवालं होलसेल दुकान आहे, त्याचं साधं कार्ड वर्षाला 65 डॉलर आणि मोठं 130 डॉलर, मोठ्या कार्डावर खरेदीच्या 2 टक्के परत मिळतात, म्हणजे वरचे 65 डॉलर वसूल व्हायला वर्षात 3,250 डॉलरची खरेदी व्हायला हवी. वन्सं हा हिशेब घालूनच दरवर्षी कार्ड ठरवतात आणि मला ते फार आवडतं. तिथे दुकानात वस्तू चारेक हजारच असतात, साध्या सुपरमार्केटात तीसेक हजार असतात, त्यामुळे एकेका वस्तूची खरेदी प्रचंड आणि भाव कमी, आणि कंपनीच्या नफ्याचा मोठा भाग या फीमधून येतो.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. परदेशी कंपन्यांना होलसेलमध्ये 100 टक्के गुंतवणुकीची परवानगी होती पण सगळ्या ब्रँडचा माल थेट गिऱ्हाइकाला किरकोळीत विकायला नव्हती, 2012 ला दिली तीही 51 टक्क्यांपर्यंत आणि राज्य सरकार हो म्हणेल तिथेच. म्हणून मेट्रो हे परदेशी कंपनीचं होलसेल दुकान 2003 साली बंगळुरूला सुरू झालं ते फक्त धंदेवाल्यांसाठी, आणि 2023 मध्ये रिलायन्सने मेट्रोचा भारतातला धंदा 2,850 कोटींना घेतला. अशा होलसेलमध्ये कार्डासाठी पैशापेक्षा कागद महत्त्वाचा, जीएसटी नंबर, शॉप अ‍ॅक्ट, खाद्य परवाना असा कुठलातरी धंद्याचा पुरावा. तुमचा निवास न्याहारीचा किंवा घरगुती खानावळीचा परवाना असेल तर चौकशी करायला हरकत नाही. डीमार्टला कार्डबिर्ड काही लागत नाही, तो वेगळाच प्रकार, त्याला यात धरत नाही.

आता भाव. इथे नीट बघायचं ते तेल. डब्याच्या भावाला पिशव्यांच्या संख्येने भागून लोक मोकळे होतात, पण पिशवी असते लिटरची आणि डबा कधी 15 किलोचा तर कधी 15 लिटरचा, दिसायला दोन्ही सारखेच. 1 लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. समजा पिशवी 150 ला आणि 15 किलोचा डबा 2,400 ला. पटकन वाटतं डबा 160 ने पडला, पिशवीच स्वस्त. पण पिशवीतलं तेल किलोवर काढलं तर 165 च्या आसपास जातं, म्हणजे डबा किलोमागे जवळजवळ 5 रुपयांनी स्वस्त. आणि तोच डबा 15 लिटरचा असून 2,300 ला असेल तर दिसायला 100 रुपये कमी, पण त्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडं वर, म्हणजे किलोला 168 पडले आणि पिशवीपेक्षाही महाग. आता पिशव्याही 1 लिटरच्याच असतात असं नाही, 800, 850 ग्रॅम असं काहीबाही वजन असतं, तेव्हा पिशवीवरचे ग्रॅम वाचल्याशिवाय तेल उचलायचंच नाही. आमच्या शेजारच्या काकू तर मी तेल आणलं की पहिलं विचारतात, "गो, किलोचा की लिटरचा?" बरोबर विचारतात.

बाकी वस्तूंना पाकिटावर छापलेली युनिट सेल प्राइस, म्हणजे ग्रॅममागची किंवा किलोमागची किंमत, बघावी, एमआरपीच्या जवळच बारीक अक्षरात असते, ती छापणं आता बंधनकारक आहे. पण त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅमवर असते आणि किलोच्या वरच्यावर किलोवर, त्यामुळे 500 ग्रॅमच्या पाकिटावर 0.24 आणि 2 किलोच्या पाकिटावर 250 असं दिसतं आणि डोकं चालत नाही. 0.24 ला हजाराने गुणलं की 240, म्हणजे इथे मोठं पाकीटच महाग. हे खरंच होतं, मोठं पाकीट स्वस्तच असणार असं धरून चालू नका. दुसरं म्हणजे ही किंमत एमआरपीवर काढलेली असते, दुकान ज्या भावाने विकतंय त्यावर नाही, म्हणून जिथे सूट जास्त तिथे मोबाईलवर भागाकार आपणच करायचा. शिवाय काही होलसेलमध्ये फळीवरचा मोठ्या अक्षरातला भाव जीएसटी सोडून असतो, खाली बारीक अक्षरात जीएसटीसकट. आपल्यासारख्या छोट्या होमस्टेवाल्यांना तो जीएसटी परत मिळत नाही, मग खालचा आकडाच खरा.

तांदळाचं तर मी मुंबईला नावच काढत नाही. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद तांदूळ-डाळ-पिठाला 5 टक्के जीएसटी लागतो, 25 च्या वरच्या गोणीला नाही, म्हणूनच बाजारात 26 किलोच्या अन् 30 किलोच्या गोण्या आल्या. आमचे शृंगारतळीचे दुकानदार काका स्वतःहून सांगतात, "वहिनी, तिशीची गोण घ्या, टॅक्स नाही लागायचा." वर उधारी ठेवतात, गोण घरात आणून टाकतात, आणि तांदूळ खराब लागला तर निमूट बदलून देतात. मुंबईहून आणला तर किलोमागे 3 रुपये वाचले असं समजा, टेम्पोवाल्याने 4 घेतले की संपलं. साखर, आटा, पोहे, डाळी सगळ्यांना हाच नियम, जड आणि स्वस्त माल लांबून आणायचा नाही. कांदे-बटाटे तर कुंभार्ली घाट उतरून कराडकडून येतातच.

मग परवडतं काय? वजनाला हलकं, किमतीला जड, किंवा इथे मिळतच नाही ते. चीजचे किलोचे ब्लॉक, बटर, वेलची, बदाम, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, हॉटेलसाठीचे छोटे साबण आणि शाम्पू, फरशी पुसायच्या लिक्विडचे 5 लिटरचे कॅन, चांगली स्टीलची भांडी. कॅनला वजन आहे हे खरं पण फरक इतका असतो की भाडं धरूनही उरतं. बेडशीट आणि टॉवेलसुद्धा, एका रंगाचे एकदम वीसेक मिळतात, इथे बाजारात एका रंगाचे सहा मिळवताना नाकी नऊ येतात.

काजू मात्र तिथून आणू नये. पाकिटावर डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 असं लिहिलेलं असतं, तो आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती काजू बसतात तो, आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग. उसळीला, वाटणाला अख्खा काजू लागतोच कशाला, पाकळी घ्या, आणि ती आपल्याच भागातल्या फॅक्टरीतून, बी हंगामात फुटते तेव्हाची ताजी. नारळ, कोकम, आगळ, सुकी मासळी हे तर आपलंच, त्याबद्दल काय लिहायचं.

आता हवा. मुंबई-पुण्याचे लोक मोठ्या पॅकची तारीफ करतात त्यांना आपला जून-जुलै माहीत नसतो. कपडे धुवायच्या पावडरचं 6-7 किलोचं पोतं मे महिन्यात उघडा, श्रावणापर्यंत खालची अर्धी पावडर दगड होते, चमच्याने खरवडावी लागते आणि मशीनच्या कप्प्यात तशीच चिकटून राहते. त्यापेक्षा लिक्विडचा कॅन. चहा पावडरची 5 किलोची पिशवी सीझनमध्ये उडते, पावसाळ्यात निम्म्यावर आली की वासच जातो. रवा-बेसनात पोरकिडे, मिठाला पाणी, पापड मऊ. मी मोठा पॅक आणला तर त्याच दिवशी दोन-दोन किलोच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून एकच डबा वापरात ठेवते, बाकीचे उघडायचेच नाहीत. फ्रोजन मालाचं सांगायचं तर मटारची 5 किलोची पिशवी फार स्वस्त मिळते पण लाईटचा भरवसा नसेल तिथे अजिबात घेऊ नये. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, तेवढं टोकाचं सोडा, पण पावसात रात्रभर लाईट जाणं आपल्याकडे नेहमीचंच.

खरं तर घाऊक खरेदी आपल्याला नवीन नाही. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी आपल्या आज्या करायच्या आणि त्यांना कुठली वस्तू टिकते ते पक्कं माहीत होतं. मिरच्या-धणे कडक उन्हात वाळवून वर्षाचा मसाला, सोडे आणि सुका जवळा, चिंचेचे गोळे, तांदळात कडुलिंबाचा पाला नाहीतर बिब्बे. पीठ कोणी चार महिन्यांचं दळून ठेवत नव्हतं. दुकानाच्या त्या लांबलचक रांगांतून ट्रॉली ढकलताना मी हेच लावून बघते, ही वस्तू आगोटीत भरून ठेवली असती का? नसेल तर कितीही सूट असू दे, तिला हात लावत नाही.

तारीख बघायलाच हवी. एकावर एक फ्री जिथे लावलेलं असतं तिथला माल पुष्कळदा मुदत संपत आलेला असतो. शहरातल्या हॉटेलला त्याचं काही वाटत नाही, बारा महिने गिऱ्हाईक. आपला धंदा दिवाळी, नाताळ आणि मे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खोल्या रिकाम्या, मग गणपतीला येतात ते घरचेच चाकरमानी. मेमध्ये ऑगस्टच्या मुदतीचा सॉस, मेयोनीज, ज्यूस घेणं म्हणजे पैसे टाकून देणं. मी मोठी खरेदी दिवाळीच्या आधी करते कारण पुढे सहा-सात महिने माल चालतो आणि हवाही कोरडी असते, एप्रिलमध्ये फक्त जे कमी पडलं तेवढंच.

एकट्याने जाऊन मात्र फारसं काही सुटत नाही. आम्ही तीन होमस्टेवाल्या मिळून यादी करतो, कार्ड एकीचं, बिल एक, टेम्पो एक, आणि माल आमच्या पडवीत उतरवून तिथेच वाटे करतो. चीज, बटर, वेलची, साबण सगळं तिघींत फुटतं, त्यामुळे मोठ्या पॅकचा भाव मिळतो आणि कोणाकडे सडत पडत नाही. यादीबाहेरचं घ्यायचं असेल तर आधी फोन करायचा असं ठरवून टाकलंय कारण त्या दुकानात गेलं की हात आवरत नाही, प्रत्येक वळणावर काहीतरी नवीन. भाडं किलोवर न वाटता जागेवर वाटा, टिश्यू पेपरचा खोका वजनाला काही नाही पण टेम्पोत जागा गोणीपेक्षा जास्त खातो, यावरून आमच्यात एकदा बरीच चर्चा झाली होती.

चार माणसांचं साधं घर असेल आणि धंद्याचा कागद नसेल तर यासाठी धडपडू नका, कोणाचं तरी कार्ड मागून जायचं, गाडीचं पेट्रोल घालायचं आणि बडीशेपेचं किलोचं पाकीट आणायचं, त्यात वाचत काही नाही. ज्यांच्याकडे खोल्या आहेत, रोज वीस-पंचवीस ताटं होतात, त्यांनी मात्र जाऊन यावंच. आमची पुढची यादी नवरात्रात होणार आहे, गुहागर-वेळणेश्वरकडचं कोणी असेल आणि टेम्पोत जागा हवी असेल तर घटस्थापनेच्या आधी सांगा, फक्त तांदूळ-साखर सोडून.