आईबाबांच्या फोनवर काय टाकावं, बँकेचं अ‍ॅप की यूपीआय?

घरात कोणी साठीच्या पुढचं असेल आणि त्यांच्या फोनवर नक्की काय टाकून द्यावं या विचारात असाल तर आमचा अनुभव सांगतो. बाबांच्या फोनवर आधी त्यांच्या बँकेचं अ‍ॅप होतं, आता भीम हे यूपीआयचं अ‍ॅप आहे. फोनपे, गुगल पे घेतलं तरी फार फरक नाही, फक्त लोन घ्या सोनं घ्या ही कटकट मला भीमवर जरा कमी वाटली.

बँकेच्या अ‍ॅपची बाजू लंगडी नाही हं. शाखेतली माणसं ओळखीची, त्यामुळे ते टाकताना बाबांनी एक प्रश्न विचारला नाही. यूपीआयच्या वेळी मात्र 'म्हणजे आपले पैसे त्या अ‍ॅपवाल्याकडे जाणार का' इथून सुरुवात! जात नाहीत, पैसे खात्यातच राहतात, पण हे त्यांना पटेपर्यंत माझा घसा कोरडा. शिवाय एफडी, चेकबुक, असली कामं बँकेच्याच अ‍ॅपवर नीट होतात, आणि कोणाला पाठवायचं तर यूपीआयला साधारण दिवसाला 1 लाखाची मर्यादा, त्यामुळे मोठी रक्कम असेल तर बँकेच्या अ‍ॅपवरून खात्यातून खात्यात पाठवायचं एनईएफटीच बरं, ते 2019 च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालू असतं.

आमचं घोडं अडलं ते पासवर्डपाशी. लॉगिनचा वेगळा, व्यवहाराचा वेगळा, एटीएमचा पिन वेगळा आणि वर ओटीपी. त्यात लॉगिनचा दर काही महिन्यांनी बदला, एक कॅपिटल अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि आधीचा चालणार नाही. ते चिन्ह कीबोर्डच्या कुठल्या पानावर आहे हे शोधेपर्यंत सेशन संपलेलं, परत पहिल्यापासून. चुकत गेलं की खातं लॉक आणि लॉक झालं की शाखेत जाऊन फॉर्म भरा, म्हणजे ज्या चकरा वाचाव्यात म्हणून अ‍ॅप टाकलं त्याच चकरा. शेवटी बाबांनी सगळे पासवर्ड डायरीच्या मागच्या पानावर लिहून काढले, वर 'बँक पासवर्ड' असं ठळक लिहून खाली दोन रेघा. आता एवढ्या सिक्युरिटीचा काय उपयोग, तुम्हीच सांगा.

यूपीआयला फोनचं नेहमीचं लॉक आणि पैसे देताना एक पिन, संपलं. मला वाटतं सगळी गंमत इथेच आहे. आयएमपीएस, म्हणजे खात्यातून खात्यात लगेच पैसे पाठवायची सोय, 2010 पासून होतं की, मोबाईलवरून पैसे जात होतेच, पण खाते नंबर टाका, आयएफएससी टाका एवढं करून चाळीस रुपयांची मेथी कोण घेणार? 2016 ला यूपीआय आलं, त्याच वर्षी नोटाबंदीत सुट्ट्यांची बोंब, पुढे दुकानदाराला द्यावं लागणारं कमिशनही गेलं, मग टपरीटपरीवर क्यूआर लागले. आणि माणूस जाहिरात बघून वळत नाही, शेजारचा करतो म्हणून वळतो. माझ्या सगळ्या लेक्चरनंतर बाबा ढिम्म होते, दूधवाला 'काका स्कॅन करा ना' म्हणाला आणि झालं.

त्रास यातही आहेच. दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी पासबुक भरून जातं, त्यावर यूपीआय लाइट चालू करून दिलं, छोट्या रकमेला पिनही लागत नाही आणि पासबुकात फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद दिसते. फसवणुकीची भीती खरीच आहे, म्हणून पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही हे बाबांकडून अक्षरशः पाठ करून घेतलंय आणि 1930 हा ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा नंबर सेव्ह करून दिलाय. आणखी एक, बँकेत दिलेल्या सिमवर एसएमएस जाण्याइतका रिचार्ज हवा, नुसतं इनकमिंग चालू असलेल्या सिमवर व्हेरिफिकेशन अडकतं, हे दोन्ही अ‍ॅपना लागू.

तुमच्या घरी कोणी पासवर्डला सरावलेलं असेल तर बँकेचं अ‍ॅप वाईट नाही, नाही कशाला म्हणू. आम्ही पेन्शनचं खातं कशालाच जोडलं नाही, यूपीआयला दुसरं छोटं खातं जोडलंय, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे असतात, आणि एफडीचं वगैरे काही असलं की बाबा सरळ शाखेत जातात, तिथे त्यांना चहा पण मिळतो.