गाभण गाईसाठी ए-डी३-ई लिक्विड: कडब्याच्या दिवसांत पैसे वसूल, पण ‘ई’ कमी पडतं

उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या कितीतरी गोठ्यांत गव्हाणीत नुसता ज्वारीचा कडबा आणि वर थोडी सरकी पेंड असते. पांढऱ्या पडलेल्या कडब्यात कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून गाय ‘ए’ जीवनसत्त्व बनवते ते, जवळपास उरत नाही. गाईच्या यकृतातला ‘ए’चा साठा दोन-चार महिने पुरतो, तो संपला की वासरू अशक्त, मेलेलं किंवा आंधळं जन्मू शकतं. कवटीतली वाट अरुंद राहते आणि डोळ्याची नस दबते. टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी डुकरिणीला ‘ए’ नसलेला खुराक दिला, तर पिल्लं डोळ्यांच्या गोळ्यांशिवाय जन्मली. हे १९३३ साली प्रसिद्ध झालं.

म्हणून गाय आटवली (दूध काढणं थांबवलं) की, विण्याआधीचे दोन महिने, ‘ए’, ‘डी३’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांचं हे लिक्विड जरूर द्यावं. घ्यायच्या आधी लेबल मात्र वाचा. दर मिलीला ‘ए’ १२,००० युनिट असेल, तर ४०० किलोच्या देवणी गाईला रोज ४ मिली पुरे. तिची गरज किलो वजनामागे ११०, म्हणजे ४४,००० युनिट. ‘डी३’ उन्हात बांधलेल्या जनावराला तसंही मिळतं, त्यासाठी महागडी बाटली नको.

खरी खोट ‘ई’ची. दर मिलीला ४८ मिलिग्रॅम धरलं तर ४ मिलीत १९२ होतात, रोजची गरज ६४० च्या आसपास. जार अडकणं, वासरा-करडांचे स्नायू पांढरे पडून त्यांना उभं राहता न येणं, यामागे बऱ्याचदा ‘ई’ आणि सेलेनियमचीच तूट असते. ती भरायला लिक्विड वाढवू नका: १३ मिलीवर जाल आणि ‘ए’ साडेतीनपट होईल. ‘ई’-सेलेनियमचं इंजेक्शन डॉक्टरांकडूनच घ्या, सेलेनियमचा जास्त डोस विषारी ठरतो. नुकत्याच गाभण राहिलेल्या जनावराला तर ‘ए’चा मारा नकोच, उंदरांत त्याने पिल्लांच्या कवट्या उघड्या राहिल्याचं दिसलं आहे. उस्मानाबादी शेळीला गाईचा डोस देऊ नका, वजनावर काढा.

सुई काढलेल्या सिरिंजने मोजून मूठभर ओल्या पेंडीत कालवा. हौदात टाकलं तर कुणाच्या पोटात किती गेलं कळत नाही, नाळीने पाजताना ठसका लागून फुप्फुसात जातं. गरम आंबोणात, खनिज मिश्रणात कालवून ठेवू नका. त्यातल्या तांबं-लोहाने ‘ए’ लवकर नासतं. पत्र्याखाली तापलेली, खवट वासाची बाटली दुकानदाराला परत करा.

एक अट आहे. ‘ए’ आणि ‘ई’ वारेतून वासराला फार थोडं पोचतं, बाकी सगळं चिकातून. २५ किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजा, दिवसभरात अडीच लिटर तरी. रोज हिरवा लसूणघास असेल, तर ‘ए’साठी ही बाटली घेऊ नका.