१९३० हेल्पलाइन : अडवण्यात तरबेज, परत देण्यात मंद

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले की १९३० लावायचा, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाची ही सेवा २०२१ मध्ये १५५२६० या नंबरवर सुरू झाली. पुढे लक्षात ठेवायला सोपा १९३० आला. फुकट आहे, चोवीस तास चालते आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलला जोडलेली आहे. तिच्याकडून काय मिळतं आणि काय नाही, हे मात्र फोन लावण्याआधी कळलेलं बरं.

तुमच्या खात्यातून निघालेली रक्कम आधी कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात पडते. तिथे तिचे तुकडे होतात, ते आणखी खात्यांत फिरतात आणि शेवटी एटीएममधून रोख निघते किंवा क्रिप्टो घेतलं जातं. ऑपरेटरने तक्रार नोंदवली की ती तुमच्या बँकेला आणि पैसे जिथे गेले त्या बँकेला त्याच यंत्रणेत दिसते. पैसे अजून तिथे असतील तर त्यांवर लिएन लागतो, म्हणजे बँक ते रोखून धरते आणि ते हलवता येत नाहीत. पुढे सरकले असतील तर ती बँक पुढच्या बँकेकडे तक्रार ढकलते. ही शर्यत आहे, त्यामुळे पहिल्या तास-दोन तासांत केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रोख निघून गेली की अडवायला काही उरतच नाही.

बहुतेकांचा वेळ वाया जातो तो यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा वेगळा संदर्भ क्रमांक, शोधण्यात. यूपीआय आणि आयएमपीएसचा यूटीआर १२ अंकी असतो, एनईएफटीचा १६ आणि आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकांचा. बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात तो सापडतो. पाच वेळा पैसे गेले असतील तर पाचही यूटीआर वेगवेगळे द्या. नुसती एकूण रक्कम सांगितली तर बँकेला माग काढता येत नाही. बँकेचं नाव, खाते क्रमांक, तारीख-वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी कागदावर लिहूनच फोन लावा. एपीके फाइल (मेसेजमधून आलेलं ॲप) उघडल्याने पैसे गेले असतील तर तो फोन आधी फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून बोला.

कॉलनंतर एसएमएसने तक्रार क्रमांक येतो. काम झालं असं समजून लोक इथेच थांबतात, आणि इथेच फसतात: २४ तासांच्या आत पोर्टलवर बाकीचा तपशील भरायचा असतो. फॉर्म किरकिरा आहे. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं हवं आणि त्यात @ किंवा # सारखी चिन्हं चालत नाहीत. त्यामुळे वर्णनात यूपीआय आयडी पेस्ट केला की फॉर्म अडतो, आणि अडला का ते धड सांगत नाही. एकाच व्यवहाराची तक्रार दोन नंबरांवरून करू नका.

१९३० तुमचं कार्ड किंवा नेटबँकिंग बंद करत नाही. बँकेला वेगळं कळवावंच लागतं, आणि तिचा तक्रार क्रमांक जपून ठेवावा लागतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

ही सेवा कमी पडते ती यानंतर. अडवलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही. अनेकदा पोलिसांमार्फत न्यायालयात अर्ज करून आदेश घ्यावा लागतो, त्यात महिने जातात. पोर्टलवरच्या तक्रारीची स्थितीही एका ओळीपलीकडे काही सांगत नाही. साखळीतल्या एखाद्या दुकानदाराने प्रामाणिकपणे माल विकला असला तरी त्याच्या खात्यावर लिएन बसतो आणि तो सोडवायला त्याची दमछाक होते. ही बाजू सरकारने लवकर सुधारायला हवी.

याच वाट पाहण्याच्या काळात दुसरे भामटे येतात. ‘तुमचे पैसे सुटले, प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या, १९३० कुठल्याच टप्प्यावर पैसे मागत नाही. नुसताच संशयास्पद कॉल किंवा एसएमएस आला आणि पैसे गेले नसतील, तर ही लाइन अडवू नका. त्यासाठी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ ही सोय आहे.