लाल भोपळा, बटरनट की कोहळा? इंदूरच्या परसात काय लावाल

भोपळ्याचं बी कुठलं आणू, असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: तुमच्याकडे एकदा चिरलेला भोपळा किती दिवसांत संपतो? बाजारात पावकिलोची फोड मिळते, घरच्या वेलीवर मात्र अख्खं फळच उतरतं. तिघा-चौघांच्या घरात पाच किलोचं फळ चिरलं की एक दिवस भाजी, एक दिवस भरीत, एकदा घारगे होतात. त्यानंतर उरलेली फोड फ्रीजमध्ये बुळबुळीत होऊ लागते. म्हणून जागा आणि चव यांच्याही आधी फळाचं वजन बघा.

देशी लाल भोपळ्याला मुळात पसरायला जमीन लागते. वेल सहज चार-पाच मीटर धावते आणि शेजारच्या वांगी-मिरचीला झाकून टाकते. वाणांपैकी ‘पुसा विश्वास’चं फळ पाच किलोच्या आसपास भरतं, ‘अर्का चंदन’चं दोन-तीन किलो. छोट्या बागेसाठी ‘पुसा विकास’ बघण्यासारखा आहे, त्याची वेल आखूड राहते आणि फळही दोनेक किलोचंच असतं. देशी वेलीचं मोठं सुख म्हणजे तिचं काही वाया जात नाही. कोवळे शेंडे भाजीत जातात, नर फुलांची भजी होते. पितृपक्षाच्या भाजीसाठी म्हणून लावणार असाल, तर एक हिशोब ध्यानात घ्या. जूनच्या शेवटी टाकलेलं बी पिकलेलं फळ द्यायला साधारण चार महिने घेतं. पितृपक्षात तुमच्या हाती हिरवं, कोवळं फळच येईल. त्याचीही भाजी छान होते, पण तिला पिकल्या भोपळ्याची गोडी नसते.

रामबागेतलं जुनं अंगण असो की लोकमान्य नगरातल्या घराच्या कडेची अरुंद पट्टी, कमी जागेसाठी माझा कौल बटरनट या लांबट मानेच्या विलायती भोपळ्याला आहे. फळ किलो-दीड किलोचं, एका-दोन जेवणांत संपणारं. बिया फक्त खालच्या फुगीर भागात असतात, वरची मान सबंध गराची. साल इतकी पातळ की साध्या सोलाण्याने निघते. गर गोड आणि कमी रेषाळ, त्यामुळे घारग्यांना गूळ कमी लागतो. मांडव मजबूत असेल तर वेल वर चढवता येते. फळ जड होऊ लागलं की जुन्या सुती ओढणीची झोळी बांधून त्याला आधार द्यावा. बी महाग पडतं, ही त्याची उणी बाजू. शिवाय देशी लाल भोपळा जवळच असेल तर मधमाश्या दोघांचा संकर करतात. यंदाच्या फळात फरक पडत नाही, पण त्यातलं बी पुढच्या वर्षी काय देईल याचा भरवसा नाही. संकरित बी असेल तर ते राखून ठेवूच नका.

कोहळ्याचं गणित वेगळं. फळ मोठं, पाच-दहा किलोचं, पण ते चिरायची घाई नसते. पिकल्यावर अंगावर पांढरी राख चढते आणि कोरड्या, हवेशीर जागी असा कोहळा महिनोन्‌महिने टिकतो. पावसाळ्यात लावून नोव्हेंबर-डिसेंबरात उतरवलेला कोहळा एप्रिलच्या उन्हात सांडग्यांना काढता येतो. घरात सांडगे, कोहळेपाक होत असतील तरच लावा. रोजच्या भाजीसाठी मी तो सुचवणार नाही.

माळव्यातली काळी माती या तिन्ही वेलींना मानवते, पण पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. म्हणून सपाट आळं न करता वीतभर उंच वरंब्यावर बी टाका, एका जागी दोन-तीन, आणि पुढे एकच जोमदार रोप राखा. वरंब्यात कुजलेलं कंपोस्ट सढळ हाताने घाला. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात काडीकचरा आणि शेण थरावर थर रचून, वरखाली करत कुजवण्याची पद्धत आपल्याच गावात बसवली. ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. भोपळ्याइतकी खादाड वेल ज्याला लावायची आहे, त्याने दारचा पालापाचोळा तरी फेकू नये.

हंगाम दोन. उन्हाळी पिकासाठी जानेवारीअखेर कागदी कपात रोपं करावीत आणि थंडी ओसरली की मुळं न दुखवता जमिनीत लावावीत. फळधारणा एप्रिलच्या मध्यापर्यंत व्हायला हवी, पुढच्या उन्हात नर फुलंच जास्त येतात आणि कळ्या गळतात. साठवणीसाठी मात्र पावसाळी पीकच चांगलं, कारण फळ उतरतं तेव्हा इंदूरच्या रात्री गार झालेल्या असतात. पाऊस ओसरला की पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, चढते, तेव्हा वेलीत दाटी होऊ देऊ नका.

सुरुवातीला फुलं येतात आणि फळ धरत नाही, तेव्हा घाबरू नका. पहिली फुलं नर असतात, बारीक लांब देठाची. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा दिसतो. मधमाश्या कमी असतील तर सकाळी लवकर नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेका. उन्हं चढली की फुलं मिटतात. फळ धरल्यावर त्याला कागदी पिशवी घाला, म्हणजे फळमाशीला अंडी घालता येत नाहीत.

नखाने दाबून सालीवर ओरखडा उठला नाही की फळ उतरवा, दोन-तीन बोटं देठ ठेवून. आठ-दहा दिवस हवेशीर सावलीत वाळू द्या. बटरनट आणि लाल भोपळा थंडीत दोन-तीन महिने राहतात. देठ निखळलेलं किंवा सालीला खरचटलेलं फळ साठवणीत ठेवू नका, ते आधी चिरा.