स्मारकाजवळच्या बांधकामाची एनओसी: पोर्टल ठीक, निर्णय दिल्लीत

शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस यांसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकांशेजारी मिळकत असेल, तर बांधकामासाठी दिल्लीतल्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या या ऑनलाइन एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) सेवेवाचून गत्यंतर नाही. केंद्राच्या प्राचीन स्मारक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर पहिले १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित.

सर्वाधिक घोळ मोजणीत होतो. अंतर बुरुजापासून किंवा देवळाच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून धरतात. गूगल नकाशावर १२० मीटर दिसणारा प्लॉट प्रत्यक्षात ८५ वर निघू शकतो, म्हणून आर्किटेक्टला पैसे देण्याआधी हद्दीचा नकाशा पाहा. अर्जात उंची दोनदा लागते: पॅरापेट, जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी धरून एक, वगळून दुसरी. एकच आकडा लिहून मोकळे झालात तर अर्ज अडकलाच समजा.

प्रतिबंधित पट्ट्यात फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण, तेही इमारत १६ जून १९९२ पूर्वीची किंवा नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांच्या परवानगीने बांधलेली असेल तरच. जुना वाडा पाडून तेवढाच नवा उभारणे इथे चालत नाही. विनियमित पट्ट्यात त्यासाठी अर्ज करता येतो. विनापरवाना काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

अर्ज ऑनलाइन भरता येतो, ही सोय खरी. कायद्यातली मुदत अशी: सक्षम प्राधिकारी (अर्ज घेणारा आणि परवानगी देणारा अधिकारी) १५ दिवसांत अर्ज पुढे पाठवतो, प्राधिकरण दोन महिन्यांत शिफारस कळवते, मग महिनाभरात मंजुरी किंवा नकार. साडेतीन महिने! सात मजली इमारतीसाठी ते समजू शकते. गळक्या छपरासाठीही हाच फेरा म्हणजे पावसाळा आत. स्मारक जाहीर करणे आणि हद्द आखणे केंद्राकडेच राहावे, कारण स्थानिक दबाव तिथेच सर्वाधिक येतो. पण उंची-रुंदी न बदलणाऱ्या दुरुस्तीची सही सक्षम प्राधिकाऱ्याने इथेच करायला काय हरकत आहे?

पाचपैकी तीन तारे.

अर्जाआधी स्मारक कोणाचे तेही तपासा. रायगड, शिवनेरी केंद्राकडे; राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. राज्य-संरक्षित स्मारकांना १९६० चा राज्य कायदा लागतो, त्यामुळे तिथली चौकशी वेगळ्या कार्यालयात.