चढणं सोपं, उतरणं अवघड : ग्रेनेडीन्समध्ये यॉट की फेरी?

कॅरिबियन समुद्रातला सेंट व्हिन्सेंट ते ग्रेनेडा हा टप्पा (मधल्या लहान बेटांची रांग म्हणजे ग्रेनेडीन्स) मी समुद्रावरून दोनदा केलाय. २०२३च्या फेब्रुवारीत एका अनोळखी माणसाच्या शिडाच्या यॉटवर वर्गणी देऊन, आणि २०२४च्या मार्चमध्ये मिळेल त्या फेरीने. तेव्हा कामानिमित्त त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनला राहत होतो. त्यामुळे दोन्ही खेपांना सुरुवातीला आणि शेवटी विमान होतंच, मधली बेटं मात्र पाण्यावरून. तेव्हापासून ओळखीतले दोन-तीन जण विचारतायत की कमी पैशांत यातलं काय बरं. फोनवर सांगायला गेलो की अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

उत्तरेकडच्या जलद कॅटामरान (जोडतळाच्या प्रवासी बोटी) मी या हिशेबात धरलेल्या नाहीत. ग्वादलूप, डॉमिनिका, मार्टिनीक, सेंट लुशिया या रांगेत त्या पळतात, वेळ वाचवतात, पण तिकीट ऐकून वाटतं की थोडे घालून विमानानेच जावं. शिवाय ग्वादलूप आणि मार्टिनीक फ्रान्सचे असले तरी शेंगेन या युरोपच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात येत नाहीत. त्यामुळे व्हिसावर त्या भागाचा उल्लेख आहे का, हे आपल्या पासपोर्टवाल्याला आधीच बघावं लागतं. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा या दोन्हीकडे मी गेलो तेव्हा आपल्याला थोड्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नव्हता. नियम बदलतात, जाताना खात्री करा. पैसे आणि कागद दोन्ही वाचवायचे असतील तर दक्षिणेची रांगच बरी, असं आपलं माझं मत.

तर आधी पैसे. इथे यॉट जिंकते, उगाच आढेवेढे घेत नाही. मी दिवसाला ३५ अमेरिकी डॉलर देत होतो. त्यात झोपायला बिछाना, दोन वेळचं जेवण, डिझेल आणि मूरिंगचा (बोट बांधून ठेवायच्या जागेचा) वाटा असं सगळं आलं. फेरीच्या खेपेला तिकिटं फार नव्हती. बेक्वे, कानुआन, मायरो, युनियन, करियाकू, ग्रेनेडा एवढं सगळं मिळून ४०० ईसी (ईस्टर्न कॅरिबियन) डॉलरच्या आत बसलं (अमेरिकी एकाला २.७० ईसी, हा भाव १९७६पासून बांधलेला आहे). पण रात्री कुठेतरी झोपावं लागतं, आणि या बेटांवर ५०-६० अमेरिकी डॉलरच्या खाली धड खोली मला मिळाली नाही. नऊ रात्री मोजल्या की फेरीवाला प्रवास जवळजवळ दुप्पट पडतो.

आणि यॉट मिळणं वाटतं तितकं अवघडही नाही. युरोपातून अटलांटिक ओलांडून येणाऱ्या बोटी डिसेंबरात सेंट लुशियाच्या रॉडनी बेमध्ये येऊन थडकतात. सोबतचे खलाशी विमानाने घरी जातात आणि कप्तानाला एकट्याने बोट हाकायचा कंटाळा आलेला असतो. मार्टिनीकमधलं ल मारँ, बेक्वेची ॲडमिरल्टी बे, ग्रेनेडाची प्रिकली बे इथे मरिनाच्या फळ्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात. मला माझी यॉट बेक्वेला, धुणी धुवायच्या दुकानात भेटली. साठीचे गृहस्थ, उत्तर युरोपातले, चादरींच्या घड्या घालत होते. दहा मिनिटं बोललो, संध्याकाळी सॅक घेऊन डिंगीत, म्हणजे यॉटवरून किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीत, बसलो. शिडांचा मला काडीचा अनुभव नव्हता. त्यांना भांडी घासणारा हवा होता.

पुढचे दिवस झकास गेले. टोबॅगो केजला फेरी जात नाही. चार-पाच निर्मनुष्य बेटं, भोवती हॉर्सशू रीफचा प्रवाळी बांध, आणि रात्री नांगर टाकून तिथेच झोपायचं. सकाळी तोंड धुताना शेजारी कासव श्वास घ्यायला वर येतं. हे फेरीवाल्याला नाही. तो मायरो किंवा युनियनहून दिवसभराची बोट करून जातो आणि उन्हं कलली की परततो. हातपंपाचा संडास (वीस वेळा दांडा हलवायचा, मोजून), अंघोळ समुद्रात आणि वरून दोन तांबे गोडं पाणी, याची सवय तिसऱ्या दिवशी होते.

माझं बिनसलं ते उतरताना.

यॉटवर पाय ठेवलात की कागदोपत्री तुम्ही पर्यटक उरत नाही, खलाशी होता. प्रत्येक देशात शिरताना कप्तान खलाशांची यादी देतो आणि यादीत तुमचं नाव असतं. तुम्हाला तिथेच उतरायचं असेल तर कप्तानाने स्वतः इमिग्रेशनच्या खिडकीशी जाऊन ते नाव कमी करून घ्यायचं, आणि तुम्ही देशाबाहेर जाण्याचं तिकीट दाखवायचं. नियम म्हणून यात वावगं काही नाही. कोणी आपल्या बोटीतून माणसं आणून किनाऱ्यावर सोडून गेलं तर त्यांना परत कोणी पाठवायचं? फक्त त्याचा अर्थ असा होतो की तुमची सुटका दुसऱ्याच्या सवडीवर ठरते.

आम्ही शुक्रवारी दुपारी करियाकूच्या टिरेल बेमध्ये शिरलो. इथून ग्रेनेडाची हद्द. माझं विमान सोमवारी संध्याकाळी, ग्रेनेडाच्या मोठ्या बेटावरून. शनिवारी तिथल्या सेंट जॉर्जेसला पोचायचं असं ठरलं होतं. शनिवारी सकाळी इंजिनाचा पाण्याचा पंप गेला. सुटा भाग मोठ्या बेटावरून यायचा, म्हणजे सोमवार. ठीक आहे, म्हटलं, मी हिल्सबरोहून (करियाकूचं मुख्य गाव) फेरीने पुढे जातो, तेवढं नाव कमी करून द्या. कप्तान म्हणाले, कॉफी घेऊन जाऊ. मग दुसऱ्या बोटीवरचे मित्र भेटले. मग म्हणाले की आज शनिवार, जादा वेळेचे पैसे लावतील, सोमवारी करू, घाई कसली.

माझा पासपोर्ट कुठे होता? त्यांच्या निळ्या, चेनच्या प्लास्टिकच्या पाकिटात, बोटीच्या कागदांबरोबर. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे घेऊन त्यात ठेवले होते, तशीच रीत आहे. ते पाकीट काखेत मारून गृहस्थ किनाऱ्यावर गेले की मी बोटीवर, पासपोर्ट गावात. डिंगीही त्यांच्याकडेच. रविवारचा अख्खा दिवस मी डेकवर बसून समोरचा रस्ता बघितला. त्यावरून व्हॅन जात होत्या, आणि हिल्सबरो तिथून फार तर पंधरा-वीस मिनिटांवर.

मुकाट्याने फेरीत बसलो असतो तर? करियाकू आणि ग्रेनेडा एकच देश, फेरीवर पासपोर्ट कोणी मागत नाही. पण विमानतळावर शिक्क्यावरून कळलं असतं की हा बोटीचा माणूस, आणि बोट तर इथे नाही. म्हणजे पुन्हा तेच. सोमवारी दुपारी आम्ही खिडकीशी उभे राहिलो, तिथल्या बाईंनी तिकीट बघितलं, शिक्का मारला, दहा मिनिटांत मोकळा. विमान मात्र चुकलं. तिकीट बदलायचे पैसे आणि सेंट जॉर्जेसमधल्या दोन रात्री, एवढ्यात वाचवलेल्यातले बरेचसे पैसे गेले. कप्तान माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी मला घरी केलेली गरम चटणी दिली. पण त्या रविवारी मनाशी ठरलं ते ठरलं.

आता फेरी. सेंट व्हिन्सेंटमधल्या किंग्जटाऊनच्या धक्क्यावर गेलात की भाऊच्या धक्क्याची आठवण येते, मासळीचा वास सोडून. रॅम्पवरून आधी ट्रक चढतात, मग गॅसचे सिलिंडर, कांद्याची पोती, खोक्यातलं धुलाई यंत्र, मग शाळेतून सुटलेली पोरं. कडेला बटाटा-चण्याची रोटी मिळते, ती आधीच खाऊन घ्या किंवा उतरल्यावर खा, मधल्या वेळी नको. ही रोटी तुमच्या-माझ्या पोळीची लांबची बहीण. १८४५च्या मे महिन्यात गिरमिटियांचं पहिलं जहाज त्रिनिदादला लागलं, तेव्हापासून ती बेटाबेटांवर पसरत गेली. शाकाहारी माणसाचे निम्मे हाल तिथेच संपतात.

बेक्वेला तासाभरात पोचतो, पण त्या तासातली मधली वीस मिनिटं खाडीची. बेटाच्या आडोशाला समुद्र तळ्यासारखा असतो. दोन बेटांमधल्या फटीत आलात की अटलांटिकच्या लाटा पूर्वेकडून सरळ अंगावर येतात. ज्याला बोट लागते त्याने निघायच्या एक-दोन तास आधी ॲव्होमिन घ्यावी आणि दक्षिणेला जाताना उजव्या बाजूला, मागे, उघड्यावर बसावं. डावीकडे पाणी उडतं. माझ्या समोरच्या बाकावर एक आजीबाई मांडीवर केक घेऊन बसल्या होत्या. पांढरं आयसिंग, वर निळ्या अक्षरांत नातवाचं नाव, झाकण नाही. खाडीत बोट कलंडायला लागली की त्या केकची थाळी उलट्या बाजूला कलती करायच्या, डोळे मिटून, आणि मधे मधे शेजारणीशी गप्पा चालू. बेक्वेच्या पोर्ट एलिझाबेथला उतरल्या तेव्हा केकला ओरखडाही नव्हता.

बेक्वेपर्यंत दिवसातून बऱ्याच फेऱ्या आहेत, तिथवर चिंता नाही. खाली कानुआन, मायरो, युनियनला मात्र आठवड्यातले ठरावीक वारच बोट असते, आणि वेळापत्रक म्हणजे धक्क्यावरचा माणूस सांगेल ते. इथे फेरीवाल्याचा खरा खर्च होतो, दिवसांचा. माझे मायरोत असे दोन दिवस गेले. तीनेकशे वस्तीचं बेट, टेकडीवर एकच गाव, वर दगडी चर्च. चर्चमागे उभं राहिलं की आदल्या वर्षी जिथे नांगर टाकला होता ते टोबॅगो केज खाली दिसतात. दोन दिवस अडकलो हे खरं. पण पासपोर्ट खिशात होता, आणि मनात आलं असतं तर एखाद्या मासेमाराला पैसे देऊन निघालो असतो. अडकण्या-अडकण्यात फरक असतो. इतरांना कदाचित तो एवढा टोचणार नाही.

फेरीच्या साखळीतली एक कडी तुटकी आहे, तीही सांगायला हवी. युनियनहून करियाकू समोर दिसतं, पण मध्ये दोन देशांची हद्द आहे आणि भरवशाची फेरी नाही. युनियनवरच्या क्लिफ्टनला देशाबाहेर पडण्याचा शिक्का घ्यायचा, मग लहान बोटवाला शोधायचा, आणि एकट्याने गेलात तर तो भाव लावतो. आम्ही तिघे जमलो म्हणून परवडलं. पाऊणएक तास, उघडी लाकडी बोट, अंगावरचे कपडे पिळून काढण्याइतके भिजले. पासपोर्ट दुहेरी पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत ठेवला होता. तोच एक कोरडा राहिला. यॉटवाल्याला या टप्प्याचा त्रास नाही.

उलट दिशेने, म्हणजे ग्रेनेडाहून वर यायचं असेल, तर मात्र यॉटचा विचारच करू नका, असं मी सुचवेन. वारा पूर्व-ईशान्येचा आणि बेटांची रांगही ईशान्येला झुकलेली. म्हणजे सगळा प्रवास वाऱ्याच्या तोंडावर, चढाचा. फेरीलाही हलतं, पण ती इंजिनाच्या जोरावर वेळेत नेते.

शेवटचा टप्पा, हिल्सबरो ते सेंट जॉर्जेस, दीड-दोन तासांचा. वाटेत किक एम जेनी नावाचा समुद्राखालचा ज्वालामुखी आहे. १९३९ साली तो फुटला तेव्हा तो तिथे आहे हे कळलं. एरवीही त्याच्या भोवतालचं दीड किलोमीटर पाणी बोटींना वर्ज्य असतं. बघायला काही नाही, बाकीसारखाच निळा समुद्र. खलाशाने नुसतं बोट दाखवलं, तरी अख्खी डावी-उजवी बाजू रेलिंगला आली.

माझ्या दोन्ही खेपा बेरील वादळाच्या आधीच्या. १ जुलै २०२४ला ते चौथ्या श्रेणीचं होऊन करियाकूवरून गेलं, आणि युनियन, मायरोवरच्या बहुतेक घरांची छपरं नेली. त्यानंतर बोटींचे वार, खोल्यांचे भाव सगळंच हललंय, तेव्हा माझ्या आकड्यांना अंदाजापलीकडे धरू नका. जायचं तर डिसेंबर ते मे, वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर.

ज्याच्याकडे महिनाभर आहे, परतीचं तिकीट बदलता येण्यासारखं आहे आणि जो रविवारभर डेकवर शांत बसू शकतो, त्याने खुशाल यॉट धरावी, टोबॅगो केजची रात्र त्याला मिळेल. दोन आठवड्यांची रजा मोजून आलेल्याला मी फेरीच सांगतो, वर युनियनहून केजची दिवसाची बोट जोडून. आणि यॉटच धरणार असाल तर बेक्वेलाच, डिंगीत सॅक टाकायच्या आधी, दोन गोष्टी विचारा : माझं नाव यादीतून कुठे आणि कोणत्या वारी काढणार, आणि पासपोर्ट मी माझ्याजवळ ठेवला तर चालेल का. मी त्या धुण्याच्या दुकानात फक्त जेवणात मासे असतात का, एवढंच विचारलं होतं.